कानाचं वय, डोळ्यांचं वय

हार्लेमच्या ग्रंथालयात मुलांचा विभाग शोधायला कष्ट पडत नाहीत, आणि १८ वर्षांपर्यंत वर्गणीही पडत नाही. तिथल्या पुस्तकांवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात. ‘ए’ साधारण ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी, ‘बी’ ९ ते १२ आणि ‘सी’ त्यापुढच्यांसाठी. नुकत्याच वाचू लागलेल्यांच्या पुस्तकांवर आणखी एक खूण असते, ‘आवी’ची: स्टार्ट, एम-३, ई-३, एम-४ अशी चढत जाणारी. ज्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत त्यांना ती पाठ असेल. आकडा इयत्तेचा, ‘एम’ म्हणजे वर्षाच्या मध्याला आणि ‘ई’ म्हणजे वर्षाअखेरीला अपेक्षित असलेली पातळी. इथे वाचन शिकवणं ग्रुप ३ मध्ये, सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होतं, म्हणून शिडीची पहिली पायरी तिथे.

या दोन खुणांतला फरक आपल्या कामाचा आहे. आवीची चाचणी मूल उतारा मोठ्यानं किती वेळात आणि किती चुका करून वाचतं एवढंच मोजते. गोष्ट कळली का, आवडली का, हे ती विचारत नाही. ए-बी-सी मात्र वयाचं आणि आवडीचं बोलतात. ऑक्टोबरातल्या बालपुस्तक सप्ताहाच्या निमित्तानं गाजणारे ‘ग्रिफल’ पुरस्कारही वयोगट पाहून दिले जातात. त्यात माहितीपर पुस्तकं आणि कविता यांचे वेगळे गट असतात, आवीच्या पातळीचे नसतात. म्हणजे मुलाला काय कळतं आणि मुलाला काय वाचता येतं, हे दोन प्रश्न इथे वेगळे ठेवलेले आहेत.

आपण भारतात जातो तेव्हा दुकानदार एकच प्रश्न विचारतो: “मूल किती वर्षांचं?” आपण म्हणतो, नऊ. तो नऊ वर्षांच्या मुलाचं पुस्तक काढून देतो. तेवीस किलोंच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ते हार्लेमला येतं आणि तिसऱ्या पानावर अडकून कपाटात जातं. पुढच्या वर्षी आपण शहाणे होतो आणि मोठ्या अक्षरांतलं, पानाला दोन ओळींचं, सशा-कासवाचं पुस्तक आणतो. ते मुलाला वाचता येतं, पण वाचवत नाही. डचमध्ये जाडजूड साहसकथा फस्त करणाऱ्या मुलाला ससा-कासव हा अपमान वाटतो.

इथे पणाला लागलेली गोष्ट पुस्तकाच्या किमतीपेक्षा मोठी आहे. आठ ते बारा या वयात मूल मनाशी ठरवून टाकतं की कोणती भाषा कशाच्या उपयोगाची. मराठी ही जेवायला बोलावण्याची आणि बाळांच्या गोष्टींची भाषा आहे, असा निकाल त्यानं एकदा दिला की नंतरचं कुठलंही चांगलं पुस्तक तो सहसा फिरवू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की परदेशातल्या मराठी मुलासाठी पुस्तक निवडताना दोन वयं धरावीत: कानाचं आणि डोळ्यांचं. घरात मराठी बोलली जात असेल तर नऊ वर्षांच्या मुलाचा कान सात-आठ वर्षांचा असतो. डोळा मात्र पाच-सहाचा. एकच पुस्तक दोघांना पुरेल ही अपेक्षा सोडली की निम्मी भांडणं मिटतात.

आता या कसोटीवर आपली पुस्तकं कशी उतरतात ते पाहा.

ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं आहेत, यशच्या गोष्टींत मामाच्या गावाला जाणं आहे, हात मोडणं आहे. चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्दांनी सोडलेलं चित्र सांगतं. पण आपल्यासाठी या पुस्तकांचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे: ती ‘राधाचं’ म्हणतात, ‘राधाचे’ म्हणत नाहीत. पुण्यातल्या मुलाला याचं फारसं काही नाही, कारण ‘माझे’ आणि ‘माझं’ दोन्ही त्याच्या कानावर पडतात. इथल्या मुलाकडे मराठीचा एकच साठा आहे, घरातल्या बोलण्याचा. अक्षर जुळवता जुळवता ते शब्दाचा अंदाज बांधतं, आणि तो अंदाज कानातल्या शब्दाशी जुळला तरच पुढे सरकतं. पाठ्यपुस्तकी ‘तिथे एक झाड होते’ हे वाक्य त्याला व्याकरणात सोपं, पण कानाला परकं असतं. तेव्हा डोळ्यांसाठी पुस्तक घेताना बोलीतलं घ्या. या पुस्तकांची मर्यादाही सांगायला हवी: यश लहान आहे. दहा वर्षांच्या वाचकाला तो धाकटा भाऊ वाटतो.

प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ मध्ये सुरू झालं आणि आपल्यासारख्यांची मोठीच सोय झाली. मराठीतल्या कितीतरी सचित्र गोष्टी तिथे फुकट वाचता येतात, छापून घेता येतात, आणि चार पातळ्याही लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत साधारण २५० शब्दांच्या आतल्या गोष्टी येतात. अडचण अशी की शब्द मोजून मराठीची कठीणता कळत नाही. ‘मांजर माळावर पळत गेली’ हे चार शब्द, आणि ‘स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या पुढ्यात ताट’ हेही चारच शब्द. पहिल्यात एकही जोडाक्षर नाही, दुसऱ्यात पाच आहेत. त्यातल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्या भाषांतून आलेल्या असल्यानं मूळ भाषेतली पहिली पातळी मराठीत तिसरी होऊन बसू शकते. लेबलावर विसंबू नका. मधलं एक पान उघडा आणि जोडाक्षरं मोजा. ‘दुसऱ्या’, ‘कोवळ्या’, ‘वर्षा’ असे शब्द ओळीला एकाहून जास्त आले तर ते पुस्तक अजून कानाचं आहे, डोळ्यांचं नाही.

डच शाळेतल्या मुलाला आणखी एक खाच लागते. तिथे आवाज ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं अक्षरं येतात. आपल्या ‘किती’मध्ये पहिली वेलांटी क च्या आधी काढलेली आणि नंतर उच्चारायची, दुसरी मात्र त च्या नंतर. मुलाला हे अन्यायाचं वाटतं. यावर उतारा म्हणून काही घरांत रोमन लिपीतली मराठी पुस्तकं आणली जातात. त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं. रोमन ‘आजी’ डच वळणाचा डोळा ‘आयी’ अशी वाचतो, कारण तिथे त्या अक्षराचा उच्चार ‘य’ आहे. आजीची आई होते आणि मूल दोन्ही लिपींवरचा विश्वास गमावतं.

लहानांसाठी, म्हणजे पाच वर्षांपर्यंत, खरं तर मराठी पुस्तक विकत घेण्याची घाईच नको. ग्रंथालयातलं कुठलंही डच चित्रपुस्तक मराठीत सांगता येतं. १९५५ पासून इथल्या प्रत्येक घरात वावरणारा डिक ब्रुनाचा ससुला आपण मराठीत बोलता केला तर तो हरकत घेत नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ही याच जातीचं, वाचायला चित्रं, सांगायला आपण. आणि विंदांची ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’ ही कवितांची पुस्तकं मोठ्यानं म्हणायला घ्या. पाठ झालेली कविता हेच पुढे डोळ्यांचं पहिलं पुस्तक होतं. कानात ओळ तयार असते, बोट फक्त तिच्या मागून जातं.

खरा खड्डा आहे तो नऊ ते बाराचा. नेदरलँड्समधल्या अनेक ग्रंथालयांत ८ ते १३ वर्षांच्या, वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी वेगळा कोपरा असतो; त्याच्या नावाचा अर्थ ‘सोप्या वाचनाचा चौक’. तिथली पुस्तकं वाक्यांनी सोपी पण विषयांनी मोठी असतात: फुटबॉल, भुतं, जहाजफुटी, पहिलं प्रेम. इंग्रजीतही अशी पुस्तकं काढणारे प्रकाशक आहेत. मराठीत ‘दहा वर्षांचा, पण नुकताच वाचू लागलेला’ हा वाचक कुणाच्या डोळ्यांपुढे आहे असं दिसत नाही. तो फक्त हार्लेमला राहतो असंही नाही. बंगळुरूच्या, दिल्लीच्या, अगदी मुंबईच्या इंग्रजी शाळांतही तो भेटतो. आपल्या प्रकाशकांकडे काही मागायचं असेल तर हे मागावं.

तोवर उसनवारी करावी लागते. विनोद, कोडी, पाककृती, कॉमिक्स: जिथे मजकुराचा तुकडा लहान आणि विषय बाळबोध नाही. १९५२ पासून निघणाऱ्या ‘डोनाल्ड डक’ साप्ताहिकावर इथल्या पिढ्या वाचत्या झाल्या, त्यामुळे फुगे वाचणाऱ्या मुलाकडे नाक मुरडू नका. अमर चित्र कथा मराठीत आहेत. फुगे लहान असतात, पण भाषा दरबारी, म्हणून सोबत बसावं लागतं. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. अख्खा अंक देऊ नका, त्यातलं एक पान निवडून द्या.

कानासाठी मात्र या वयात हात आखडता घेऊ नका. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नऊ वर्षांच्या परदेशी मुलाला स्वतः वाचता येणार नाही. रोज रात्री एक प्रकरण मोठ्यानं वाचलंत तर तो येऊ देणार नाही असा मुलगा विरळा. फुरसुंगी कुठे, सायकल कसली, हे विचारू दे. वाचून दाखवणं हे लहानांसाठीच, अशी आपली एक समजूत आहे. इथे तीच आड येते.

बारानंतर मुलाला आधीच माहीत असलेली पुस्तकं मराठीतून द्या. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मध्ये गोष्ट पाठ असते, त्यामुळे अवघड वाक्यही हाताला लागतं. आणि अ‍ॅन फ्रँकची दैनंदिनी. अ‍ॅननं ती डचमध्ये लिहिली, हार्लेमहून आगगाडीनं वीस मिनिटांच्या आत ज्या शहरात पोचता येतं तिथे. तिचा मराठी अनुवाद आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवून मराठी कुठे नेमकी उतरली आणि कुठे घसरली, हे मुलालाच ठरवू द्या. या एका पुस्तकापुरतं ते आपल्याहून जाणकार असतं, आणि मराठीत जाणकार असण्याची संधी त्याला क्वचितच मिळते.

ग्रोटे मार्क्टवर लॉरेन्स कोस्टरचा पुतळा आहे. छपाईचा शोध त्यानंच लावला असं हार्लेमकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. इतिहासकार मानत नाहीत. दंतकथा अशी की गावाशेजारच्या राईत फिरताना त्यानं बीच झाडाच्या सालीची अक्षरं कोरली आणि नातवंडांसाठी त्यांचे ठसे उमटवून दिले. खरी असो नसो, त्या गोष्टीतल्या आजोबाला आपला वाचक कोण ते नेमकं ठाऊक होतं. आपणही तेवढं करू शकतो. मुलानं मराठीत सांगितलेली शाळेतली एखादी हकीकत त्याच्याच शब्दांत, आठ-दहा ओळींत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या. विषय त्याच्या वयाचा, शब्द त्याच्या कानातले, आणि जोडाक्षरं किती ठेवायची ते तुमच्या हातात. खड्ड्यात टाकायला बाजारात पुस्तक नसेल तेव्हा हे पुरतं. पुढच्या सुट्टीत दुकानदारानं वय विचारलं तर दोन आकडे सांगा.