टिकोपियाची शेती : तीन ग्रंथ आणि एक क्रियापद

लहान बेटांवरील परंपरागत शेतीज्ञानाची चर्चा निघाली की टिकोपियाचे नाव हटकून घेतले जाते. सॉलोमन बेटांच्या पूर्वेकडील टोकाला, प्रशांत महासागरात एकाकी असलेले हे बेट अवघ्या ५ चौरस किलोमीटरांच्या आसपासचे. परंतु सुमारे तीन हजार वर्षे तेथे मनुष्यवस्ती टिकून आहे. ही गोष्ट विस्मयकारक आहे यात संशय नाही. प्रश्न असा की ती कोणत्या भाषेत सांगावी? टिकोपियाविषयीचे तीन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता, एकच सामग्री लेखकाने योजिलेल्या क्रियापदानुसार किती निराळी होते, हे दिसून येते. प्रस्तुत टिपणाचा विषय तेवढाच आहे.

पहिला ग्रंथ रेमंड फर्थ यांचा 'वी, द टिकोपिया' (१९३६). १९२८-२९ साली फर्थ बेटावर राहिले तेव्हा तेथील लोकसंख्या सुमारे १,३०० होती. त्यांचा मुख्य विषय नातेसंबंध हा होय. शेती त्यात ओघाने येते, आणि हेच या ग्रंथाचे बळ आहे. नारळ, नीरफणस, अळू, केळी ही पिके कोणाच्या जमिनीत कोणी लावावी, उत्पन्नाचा वाटा कोणाकडे जावा, प्रमुखाने कोणत्या फळांवर निर्बंध घालावा, हे सारे विवाह, सोयरीक आणि कुळधर्म यांच्या वर्णनात गुंतलेले आहे. 'शेतीचे ज्ञान' असे त्यातून वेगळे काढून दाखविता येत नाही. तथापि याच व्यवस्थेची दुसरी बाजूही फर्थ नोंदवितात. थोरल्या भावाने लग्न करावे आणि धाकट्यांनी अविवाहित राहावे. अन्न पुरणार नाही असे दिसल्यास नवजात अर्भक जगावे की नाही, हे पित्याने ठरवावे. तरुणांनी होडी घेऊन, बहुधा परत न येण्यासाठीच, समुद्रात निघून जावे. फर्थ यांच्या वाक्यांना नेहमी कर्ता असतो: बाप, भाऊ, प्रमुख.

दुसरा ग्रंथ पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन यांचा (१९८२). येथे साक्षीदार माणसे नसून माती, हाडे व शिंपले आहेत. आणि ती साक्ष अनपेक्षित आहे. आरंभीच्या वसाहतकारांनी रान जाळून शेती केली, पक्ष्यांचा व शिंपल्यांचा मोठा संहार केला. डोंगरउतारावरची माती वाहून खाली आली. नीरफणस, नारळ आणि त्यांच्या सावलीत कंदमुळे अशी थरांची बागशेती नंतर आकाराला आली. जुन्या थरांत विपुल आढळणारी डुकरांची हाडे वरच्या थरांत नाहीशी होतात. फर्थ गेले तेव्हा बेटावर डुकरे नव्हतीच. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार ज्ञान म्हणतो ते आरंभापासूनचे नव्हे. हानीनंतर, शतकानुशतके, चुकत चुकत आलेले ते शहाणपण आहे. या ग्रंथाचे क्रियापद 'बदलत गेले' हे होय.

तिसरा ग्रंथ जॅरेड डायमंड यांचा 'कोलॅप्स' (२००५). समाज अपयश किंवा यश कसे निवडतात, असा आशय त्याच्या उपशीर्षकातच आहे. न्यू गिनीचा डोंगराळ प्रदेश आणि तोकुगावाकालीन जपान यांच्यासह टिकोपियाला त्यांनी यशस्वी समाजांत स्थान दिले. डायमंड काही लपवितात असे नाही. बालहत्या, अविवाहितपणा, समुद्रात निघून जाणे यांचा ते स्पष्ट उल्लेख करतात. आक्षेप वेगळा आहे. लोकसंख्या मर्यादित ठेवण्याचे 'उपाय' म्हणून या गोष्टी एका यादीत येतात आणि यादीत शिरताच त्यांचा कर्ता हरपतो. 'समाजाने निवडले' असे म्हटले की अर्भकाचे तोंड झाकणारा बाप आणि होडीत बसणारा धाकटा भाऊ दोघेही वाक्याबाहेर जातात. त्या धाकट्या भावाने काय निवडले, हा प्रश्न त्या क्रियापदाला विचारताच येत नाही.

फर्थ यांचाच पुढला ग्रंथ 'सोशल चेंज इन टिकोपिया' (१९५९) येथे साहाय्यास येतो. १९५२ च्या जानेवारीत व पुढे १९५३ च्या मार्चमध्ये वादळांनी बेटावरील पिके उद्ध्वस्त केली. लोकसंख्या तेव्हा सुमारे १,७५० झाली होती. दुष्काळात चोऱ्या वाढल्या. देण्याघेण्याचे वर्तुळ आप्तांवरून घरापुरते आकसले. शिष्टाचार मात्र टिकून राहिले. बाहेरून तांदूळ आणावा लागला. व्यवस्था मोडली नाही, पण ती स्वयंपूर्णही ठरली नाही. २००२ च्या डिसेंबरात 'झोई' चक्रीवादळाने बेट झोडपले, तरी तेथे एकही मनुष्य दगावला नाही. परंपरागत ज्ञानाचा महिमा गाणाऱ्याने या दोन्ही घटना एकत्र सांगितल्या पाहिजेत.

मराठीत या चर्चेसाठी 'शाश्वत शेती' असा शब्द आपण रूढ केला आहे. 'शाश्वत' या विशेषणात काळ नाही. ते आत्म्याला किंवा धर्माला शोभते. शेती टिकते ती कोणीतरी टिकविल्याने, आणि टिकविण्याची किंमत कोणीतरी भरल्याने. टिकोपियाच्या बागा हे मानवी बुद्धीचे थोर कार्य आहे, हे मान्य करूनही अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न उरतोच: ही किंमत कोणी भरली, आणि ती भरण्यास नकार देण्याची मुभा त्याला होती काय? ज्या ग्रंथाच्या भाषेत हा प्रश्न विचारता येतो तो, माझ्या मते, आजही फर्थ यांचाच आहे.