शिकणारा संगणक आणि चुकणारी ठिणगी

आजचा विषय अमेरिकेतला आहे. पण ज्यांनी कधी जुन्या स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासला असेल, त्यांना तो परका वाटायचा नाही. १९६०च्या दशकातल्या मसल कारचा, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठं व्ही-८ इंजिन घातलेल्या गाडीचा कार्बोरेटर काढायचा आणि त्या जागी संगणकावर चालणारं फ्युएल इंजेक्शन बसवायचं, ही पद्धत तिकडे आता चांगलीच रुळली आहे. हॉली, एडलब्रॉक, फाइटेक या कंपन्यांचे तयार संच मिळतात. किंमत साधारण हजार डॉलरच्या पुढे. आपण नाटकाची किंवा पुस्तकाची समीक्षा करतो, तशी आज आम्ही या संचांमागच्या कल्पनेची करणार आहोत. ती वचन काय देते, त्यातलं पुरं किती करते, आणि माणसाला कुठे चुकीच्या वाटेला लावते, एवढंच बघायचं आहे.

उदाहरण एकच धरू : पाँटिअ‍ॅक जीटीओ. १९६४ साली ती आली आणि पुष्कळ जण तिलाच पहिली मसल कार मानतात. ३८९ घनइंचाचं इंजिन, म्हणजे सुमारे ६.४ लिटर. जास्त पैसे मोजले तर त्यावर तीन कार्बोरेटर मिळत. एरवी फक्त मधला काम करी. पाय खोल दाबला की बाजूचे दोन उघडत. १९६७ पासून पाँटिअ‍ॅकने ही तिघांची मांडणी बंद केली आणि चार नळ्यांचा एकच कार्बोरेटर दिला.

या गाडीवर इंजेक्शन बसवणं म्हणजे तिचा धर्म भ्रष्ट करणं, असं म्हणणारे लोक आहेत. आम्हाला ते पटत नाही. कारण इंजेक्शन हे त्या काळाला अनोळखी नव्हतंच. १९५७च्या शेवरोले कॉर्व्हेटवर यांत्रिक इंजेक्शन मिळत होतं. १९५८ साली क्रायसलरने बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनसुद्धा काही मोजक्या गाड्यांवर दिलं. पण त्यातली इलेक्ट्रॉनिक्स रस्त्यावरच्या वापरात टिकली नाही आणि बहुतेक मालकांना पुन्हा कार्बोरेटर बसवून देण्यात आले. पुढे त्याच पेटंटांच्या पायावर बॉशने काम केलं आणि १९६७ साली ते फोक्सवॅगनवर आलं. हा इतिहास लक्षात ठेवा. इंधन मोजून देण्याची कल्पना चुकीची नव्हती, तिला आधार देणारी वीज कच्ची होती. आमचं म्हणणं असं, की आज लोक घरच्या गॅरेजमध्ये तीच चूक नव्याने करतात.

आधी गुण सांगू. कार्बोरेटर हवेच्या वेगातून पडणाऱ्या दाबावर पेट्रोल ओढतो. हवा विरळ झाली, हे त्याला कळत नाही. डेन्व्हर शहर सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी नीट लावलेला कार्बोरेटर तिथे नेला की पेट्रोल जास्त पडतं. शिवाय आजचं पेट्रोल इथेनॉलमिश्रित. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं गाडी उभी केली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायला लागतं, आणि मग स्टार्टर मारत बसा. इंजेक्शन या दोन्ही अडचणी खरोखरच सोडवतं. थंडीत गाडी पहिल्या चावीला चालू होते. हे सगळं आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मात्र ताकद वाढेल म्हणून कोणी हे करत असेल, तर त्याने थांबावं. पूर्ण रेस दिल्यावर नीट लावलेला कार्बोरेटर आणि इंजेक्शन यांत फारसा फरक उरत नाही.

आता मुख्य आक्षेप. हे संच स्वतःहून शिकतात, असं सांगितलं जातं. म्हणजे काय होतं? सायलेन्सरच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला यावरून संगणक मिश्रण ठरवतो. साध्या पेट्रोलसाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे आदर्श प्रमाण. आता समजा एका सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली. हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळताच बाहेर पडले. सेन्सरला दिसतो तो फक्त ऑक्सिजन. संगणक म्हणतो, पेट्रोल कमी पडलं, वाढवा. पेट्रोल वाढलं की प्लग काळे होतात, ओले होतात, आणि ठिणगी आणखी चुकते. संगणक पुन्हा वाढवतो. सेन्सरच्या आधी पाइपाला भोक असलं तरी हाच घोटाळा, कारण तिथून बाहेरची हवा आत येते.

तेव्हा, मंडळी, तो शिकतो हे खरं. पण समोर जे येतं तेच शिकतो. त्यातही बऱ्याच संचांत सेन्सर एकच असतो. व्ही-८ इंजिनाच्या एका बाजूच्या चार सिलिंडरांचा धूर तो बघतो आणि आठांचा निर्णय घेतो.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी इग्निशन. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असतात, ते यांत्रिक उघडझाप करतात. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर डिस्ट्रिब्युटर २५०० घेतो. आठ सिलिंडर, म्हणजे मिनिटाला २०,००० वेळा उघडझाप. या इंजिनांत पॉइंट दर वेळी सुमारे ३० अंश मिटलेले राहतात. हिशोब केला तर त्या वेगाला कॉइल भरायला अवघे दोन मिलिसेकंद मिळतात. पॉइंट झिजले की ते अंतरही बदलतं आणि टायमिंगही सरकतं. कार्बोरेटरवाली गाडी हे निमूट सोसते, थोडी रखडते, चालते. संगणक मात्र त्या खराबीलाच नियम समजून बसतो.

यावर उपाय साधा आहे. पॉइंट काढून त्याच जागी चुंबक आणि सेन्सरचं छोटं युनिट बसवता येतं. बाहेरून काही कळत नाही, आणि जुने पॉइंट डबीत जपून ठेवले की केव्हाही परत बसतात. पण वायरिंगकडे दुर्लक्ष नको. पॉइंट जळू नयेत म्हणून जुन्या गाडीत कॉइलला मुद्दाम रोधक वायरमधून कमी व्होल्टेज दिलेलं असतं. लोक त्याच वायरवर संगणक जोडतात आणि मग कंपनीला बोल लावतात. संगणकाला पूर्ण १२ व्होल्ट हवेत, तेही स्टार्टर फिरत असताना. आणि प्लगच्या वायरी रोध असलेल्या हव्यात. नुसत्या तांब्याच्या तारेच्या असतील तर ठिणगीचा विद्युत गोंगाट संगणकाला भरकटवतो.

शेवटची गोष्ट चेष्टेची नाही. कार्बोरेटरला पेट्रोलचा दाब लागतो ५ ते ७ पीएसआय. या इंजेक्शनला बहुधा ५८च्या आसपास. कार्बोरेटरची रबरी नळी दिसायला तशीच असते, पण या दाबाला ती बनवलेलीच नाही. नळीवर आर-९ असा छाप हवा. आर-७ चालणार नाही. पंप रिलेवर आणि संगणकाच्या ताब्यात असावा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडेल. पंपाची वायर थेट चावीला जोडली, तर अपघातात इंजिन थांबेल, पण फुटलेल्या नळीतून पेट्रोल येतच राहील. गरम इंजिनावर. संचाच्या जाहिरातीत एका दिवसाचं काम म्हणून सांगतात ना, त्यात हे बसत नाही. आमची सगळ्यात कडक टीका याच वाक्यावर आहे.

मग आमचा निर्णय काय? कल्पना चांगली आहे, तिचा क्रम चुकीचा विकला जातो. आधी प्लग, वायरी, टायमिंग आणि अर्थिंग तपासा. पाइपाची गळती बंद करा. मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि महिनाभर गाडी कार्बोरेटरवरच चालवा. तुमच्या लक्षात येईल, निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या. उरलेल्या खरोखर इंधनाच्या असतील, तर इंजेक्शन जरूर घ्या, पण पैसे नळीला, टाकीला आणि पंपाला आधी द्या. संगणकाकडे टायमिंगही सोपवायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी.

आणि काढलेला कार्बोरेटर विकू नका. साठ वर्षांनी ही गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात असेल. तेव्हा आजचा संगणक दुरुस्त करणारं कोणी भेटेल का, हे सांगता येत नाही. कार्बोरेटर मात्र उघडून, धुऊन, नव्या गॅस्केटवर पुन्हा लावता येईल. ती वाट पुढच्या माणसाला मोकळी ठेवणं, हे आजच्या मालकाचं काम आहे. एवढं बोलून आम्ही थांबतो.