हानिरहित ध्वनिमुद्रण आणि मैफलीचे प्रामाण्य

दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांच्या गायनाविषयी आपल्याकडे एक अभिप्राय रूढ झाला आहे: गाणे सुरेल, नितळ, रेखीव, परंतु आटोपशीर. १९२१ साली नाशिक येथे जन्मलेला आणि १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी दिवंगत झालेला हा ग्वाल्हेर परंपरेचा गायक पुढील पिढ्यांना मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून परिचित झाला. त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेव्हा ‘आटोपशीरपणा’ हा गुण (कित्येकांच्या मते दोष) गायकाचा की तबकडीचा, हा प्रश्न समीक्षकास टाळता येणार नाही. त्याचे उत्तर तबकड्यांत मिळणे शक्य नाही. ते मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतच शोधले पाहिजे.

ही ध्वनिमुद्रणे रसिकांच्या संग्रहांतून फिरत आली; प्रथम रिळांवर, नंतर कॅसेटींवर, आता संगणकावर. आजचा विद्यार्थी फाइल डाउनलोड करतो, तिच्यावर ‘लॉसलेस’ असा शिक्का पाहतो आणि मूळ मैफलच हाती लागली असे मानून प्रबंधाला बसतो. या समजुतीची छाननी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘लॉसलेस’ म्हणजे हानिरहित. सीडीच्या पद्धतीत ध्वनीची दर सेकंदास ४४,१०० मापे घेतली जातात आणि प्रत्येक माप १६ बिटांत नोंदले जाते. दोन वाहिन्यांच्या एका तासास सुमारे ६३.५ कोटी बाइट लागतात. एमपीथ्री ही पद्धत, कानाला जाणवणार नाही असे गृहीत धरून, यातील पुष्कळसा भाग टाकून देते. २००१ साली प्रचारात आलेली फ्लॅक पद्धत काहीही टाकीत नाही. तिच्यात फाइल बहुधा निम्म्याच्या आसपास येते, आणि उलगडल्यावर प्रत्येक अंक जसाच्या तसा परत मिळतो. मूळ ध्वनीची पडताळणीची खूणही फाइलीत नोंदविता येते. तंबोऱ्याची आस, आवाजाच्या कडेचा बारीक खर, सभागृहाचा घुमारा यांचा ज्यांना अभ्यास करावयाचा आहे त्यांनी ही पद्धत स्वीकारणे सर्वथा योग्य होय.

परंतु हानिरहितता केवळ शेवटच्या पायरीची साक्ष देते. एमपीथ्री फाइल उलगडून तिची फ्लॅक करणे कोणासही शक्य आहे. आधी गेलेले त्यामुळे परत येत नाही, शिक्का मात्र मिळतो. कमी दराच्या एमपीथ्रीत १६,००० आवर्तनांच्या आसपास ध्वनी एकाएकी तुटलेला दिसतो, यावरून ही लबाडी ओळखावी असे सांगतात. नव्या ध्वनिमुद्रणांपुरते ते ठीक. १९५० च्या सुमारची फीत दोन-तीन नकलांतून आलेली असेल, तर तितक्या उंचीवर मुळातच फारसे काही उरलेले नसते. म्हणजे जेथे कसोटीची खरी गरज, तेथेच ती निकामी ठरते.

याहून गंभीर हानी संगणकाच्या पूर्वीची आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. विलंबित ख्याल रंगात असता बाजू संपली, आणि ती उलटीपर्यंत द्रुत सुरू झाले, की ऐकणारा समीक्षक लिहितो, ‘गायक द्रुताकडे फार घाईने वळतो.’ प्रस्तुत लेखकानेही एका मैफलीविषयी वर्गात असेच विधान केले होते. पुढे दुसऱ्या संग्रहातील प्रत ऐकल्यावर ते मागे घ्यावे लागले. नक्कल करणारा पुष्कळदा सुरुवातीचे स्वर जुळविणे ‘निरुपयोगी’ म्हणून गाळतो. त्या भरात बंदिशीपूर्वीचे औचारही जातात, आणि रागाची मांडणी आखूड भासते.

वेगाचेही तसेच. फीत सहा टक्के जलद फिरली तर पांढरी एकचा षड्ज काळी एकला जातो, आणि तानेची चपळाईही तितकीच वाढते. अशा तानेवर आपण स्तुतिसुमने उधळतो, पण ती मोटारीची करामत असते. हा दोष फ्लॅक निष्ठेने जपते. तो शोधण्यास एक सुगावा आहे. मूळ ध्वनिमुद्रणात विजेची ५० आवर्तनांची घुरघुर उतरलेली असेल आणि ती आज ५३ वर आढळत असेल, तर वेग चुकला हे उघड आहे. मात्र नक्कल करणाऱ्या यंत्रांची घुरघुर तिच्यापासून निराळी ओळखावी लागते, आणि त्यासाठी कानापेक्षा संगणकावरील आलेख अधिक उपयोगी पडतो.

ऐकताना आणि सीडीवर उतरविताना होणारी हानी तेवढी आपल्या हातची आहे. प्रत्येक भागाचा आवाज समान करण्याची सोय चालू राहिली, तर विलंबितातील हळुवार आलाप आणि द्रुतातील चढा आवाज एकाच पातळीवर येतात. अशा श्रवणावरून आवाजाच्या चढउताराविषयी काही लिहिणे व्यर्थ आहे. फाइल ४८,००० मापांची असेल, तर सीडीसाठी ती ४४,१०० वर आणावी लागते. हे काम प्रणाली बहुधा न विचारता करते, आणि सीडीवरील अंक मूळचे राहात नाहीत. एकाच ख्यालाचे दोन भाग करून ते सुटे सुटे उतरविल्यास मध्ये दोन सेकंदांची शांतता पडते. समेवर येणारा तबला तेथे अडखळल्यासारखा वाटतो. संपूर्ण तबकडी एका दमात उतरविण्याची सोय निवडली म्हणजे हे टळते. आणि ज्या प्रतीवरून लिहावयाचे ती कोणत्या रिळावरून वा कॅसेटीवरून, कितव्या नकलेतून आली, हे विद्यार्थ्याने पहिल्याच पानावर नोंदवावे. रागाचे नाव त्यानंतर आले तरी चालेल.