टेलिव्हिजन विशेषांक आणि ओसरीखालचा प्रेक्षक

टेलिव्हिजनविषयी मराठीत साधारणपणे दोनच प्रकारचे लेखन होते. एक, नटनट्यांच्या कौतुकाचे. दुसरे, या पेटीने आपली थोर संस्कृती बुडवली म्हणून गळा काढणारे. त्यामुळे डाव्या विचारांच्या काही मित्रांनी आपल्या सामूहिक नियतकालिकाचा टेलिव्हिजन विशेषांक काढायचे ठरवून मजकूर जमवण्याचे काम माझ्याकडे दिले, तेव्हा मी ते आनंदाने स्वीकारले. हे नियतकालिक एका संपादकाच्या मर्जीवर चालत नाही. दहाबारा जणांचे मंडळ आहे. आलेला प्रत्येक लेख सर्वांनी वाचायचा, त्यावर वाद घालायचा आणि मगच तो घ्यायचा की नाही हे ठरवायचे, अशी तेथली शिस्त. ती मला मान्य आहे. मी येथे जे म्हणणार आहे ते या मित्रांच्या हेतूंविषयी नाही, त्यांच्या समीक्षादृष्टीविषयी आहे. आणि ही दृष्टी त्यांच्यापुरतीच नाही. महाराष्ट्रातल्या एकूण पुरोगामी समीक्षेने ती गृहीत धरलेली आहे.

एकवीस लेख आले. त्यांपैकी चौदा लेखांचा विषय मालकी, मक्तेदार भांडवल, जाहिरात आणि चंगळवाद हा होता. या मांडणीत खोटे काही नाही. बातम्यांच्या वाहिन्या कोणाच्या खिशात जातात याचा हिशेब ठेवलाच पाहिजे. परंतु या चौदा लेखांत जात हा शब्द जेथे आला तेथे तो 'वर्ग, जात, लिंग' अशा सामासिक यादीत आला. एकटा, स्वतःच्या पायावर उभा असा कोठेच आला नाही. पडद्यावर काय दिसते आणि त्यामागे पैसा कोणाचा, एवढे दोनच प्रश्न या लेखकांना पडले होते. पडद्यासमोर कोण कोठे बसते, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

तो पडला मराठवाड्यातल्या एका शिक्षकाला. त्याने चार पाने लिहून पाठवली. त्याच्या लहानपणी गावात एकच टेलिव्हिजन संच होता, गावातल्या मोठ्या वाड्याच्या ओसरीवर. संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागे, तेव्हा बौद्धवाड्यातली पोरे ओसरीच्या कडेला टेकत. कोणी हटकत नसे. मग १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले. वाड्यातली माणसे आंघोळी करून बसू लागली, संचाला हार पडू लागला, उदबत्ती लागू लागली. आणि त्याच ओसरीवरून पोरांना खाली अंगणात उतरवण्यात आले. यंत्र तेच, ओसरी तीच, पोरेही तीच. संचाला हार पडला आणि पोरांचा विटाळ परत आला. लेखकाने यावर भाष्य केलेले नाही. अंगणातून पडदा दिसत नव्हता, आवाज मात्र ऐकू येत होता, एवढेच तो सांगतो.

मंडळात या चार पानांवर मोठा वाद झाला. लेख हृद्य आहे, पण ते अनुभवकथन आहे; त्यात विश्लेषण नाही; ते 'आठवणी' अशा वेगळ्या सदरात मागच्या पानांवर घ्यावे, असे बहुमत दिसले. ही भाषा आपल्या वाचकांना नवी नाही. दलित आत्मकथनांविषयी प्रस्थापित समीक्षकांनी पन्नास वर्षे हेच सांगितले: अनुभव तुमचा, त्याचा अर्थ लावण्याचे काम आमचे. मी मंडळाला एवढेच विचारले की, प्रेक्षक हा शब्द एकवचनी नाही हे चौदा लेखांपैकी कोणत्या लेखाने सिद्ध केले? ते या चार पानांनी केले आहे. सिद्धान्त तळटिपांनीच लिहिला जातो असे मी मानत नाही.

या चार पानांनी इतर लेखांकडेही वेगळ्या नजरेने पाहायला लावले. एका अभ्यासकाने 'साइट' प्रयोगावर लिहिले होते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टेलिव्हिजन पोचवण्यात आला. संच सार्वजनिक जागी ठेवले गेले. लेखकाने 'सार्वजनिक' या शब्दावर शिक्का मारल्यासारखा विश्वास ठेवला होता. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, तरी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले. हा इतिहास माहीत असलेल्या माणसाने त्या खेड्यांतल्या संचांविषयी पहिला प्रश्न कोणता विचारावा? मी लेख परत पाठवला. तो प्रश्न घेऊन लेख पुन्हा आला आणि चांगला आला.

'रामायण'वर तर पाच लेख होते. सर्वांचा सूर एकच: २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनने राम घरोघर पोचवला आणि पुढच्या मंदिर-राजकारणाची जमीन नांगरून ठेवली. सीतेची भूमिका करणाऱ्या नटीला आणि रावणाची भूमिका करणाऱ्या नटाला १९९१ साली लोकसभेत पाठवणाऱ्या देशात हे कोण नाकारील? पण पाचांपैकी एकाही लेखात 'रिडल्स'चे नाव नव्हते, याचा मला विलक्षण अचंबा वाटला. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', १९८७ सालीच प्रसिद्ध केला. राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून गदारोळ उठला, तो खंड जाळण्यापर्यंत मजल गेली, आणि ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. हे सर्व घडत असताना दर रविवारी सकाळी पडद्यावर तोच राम चालत होता. दूरदर्शन तेव्हा थेट केंद्र शासनाचे होते. खंडाचे प्रकाशक राज्य शासन. अखेर तडजोड झाली आणि परिशिष्ट राहिले, पण त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशा टिपेसह. मालिकेच्या एकाही भागाला शासनाने अशी टीप लावली नाही. श्रद्धेला टीप लागत नाही, चिकित्सेला लागते! टेलिव्हिजन आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांवर जाडजूड लेख लिहिणाऱ्या आमच्या मित्रांना हे उदाहरण दिसले नाही, कारण 'रिडल्स'चे प्रकरण त्यांच्या लेखी दलितांचे घरचे प्रकरण आहे.

त्या पाचांतल्या एका लेखात जालंधरचा उल्लेख होता, तोही एका वाक्याचा. मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी संपणार, उत्तरकांड येणार नाही, म्हणजे वाल्मीकींचा आश्रम दिसणारच नाही, हे कळल्यावर १९८८ साली तिथल्या वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. पुढे उत्तरकांडाची मालिका झाली. लेखकाने या संपाला 'खोट्या जाणिवेचा नमुना' म्हणून निकालात काढले होते.

हे मला पटत नाही, आणि उलट बाजूने या संपाचा उदोउदो करणेही पटत नाही. रामकथेत आपल्याला जागा मिळावी म्हणून झाडू खाली ठेवणे हा आंबेडकरी मार्ग नव्हे. बाबासाहेबांनी १९५६ साली त्या कथेच्या बाहेरचा रस्ता दाखवला. शिवाय ज्या उत्तरकांडात वाल्मीकींचा आश्रम आहे, त्याच उत्तरकांडात शंबूकाचा शिरच्छेद आहे. तरीही, शहराची घाण उपसणाऱ्या माणसांना आपल्या नावाचा एकच सन्मान्य माणूस पडद्यावर येण्याची शक्यता दिसली, आणि तोही कापला गेला, तेव्हा त्यांनी आपल्या हातातले एकमेव हत्यार उचलले. ते हत्यार श्रमाचे होते. कामगारांचा संप म्हटला की ज्यांची लेखणी एरवी धावते, त्यांना या संपात कामगार दिसू नये, ही जाणीव तरी खरी कशी म्हणावी?

'सद्गती'वरच्या लेखाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी १९८१ साली केलेला हा छोटा चित्रपट भारतीय टेलिव्हिजनवरची जातीविषयीची सर्वांत कठोर कृती आहे, असे माझे मत आहे. आमच्या लेखकाने त्यात वेठबिगार पाहिली: उपाशी दुखी, न फुटणारा ओंडका, कुऱ्हाड, मृत्यू. ओम पुरींच्या अभिनयावर दोन परिच्छेद होते. पण कथेचा कणा दुखीच्या मरणात नाही, नंतरच्या नकारात आहे. चांभारवाड्यातले लोक प्रेत उचलायला येत नाहीत. गोंड त्यांना सांगतो आणि ते येत नाहीत, एवढेच. त्या न येण्यामुळे पंडितावर दोरी घेऊन प्रेत स्वतः ओढत नेण्याची पाळी येते. मेलेली ढोरे ओढणार नाही, हा निर्धार आमच्या आजोबा-पणजोबांनी महाडनंतर गावोगाव केला आणि त्यापायी बहिष्कार सोसला. त्यांच्या नातवाला तो शेवटचा प्रसंग केवळ करुण वाटूच शकत नाही. पंडिताच्या हातात ती दोरी येते, तेव्हा व्यवस्थेची अख्खी श्रमविभागणी क्षणभर उलटी होते. आमच्या लेखकाला तेथे फक्त 'मानवी शोकांतिका' दिसली.

अलीकडच्या मालिकांवरचे लेख मात्र आमच्याच लोकांचे होते, आणि तेही भाबडे. २०१९-२० मध्ये बाबासाहेबांवरील मराठी मालिका घराघरात पाहिली गेली याचा आनंद मलाही आहे. पण वाद्यमेळाच्या कल्लोळात आणि अश्रूंच्या पुरात विचार करणारा, वाचणारा, अर्थशास्त्राचा प्रबंध लिहिणारा माणूस हरवतो, हे आपण नाही तर कोणी सांगायचे? फुले दांपत्यावरील 'सावित्रीज्योती' टीआरपीअभावी २०२० च्या डिसेंबरात बंद पडली. टीआरपी मोजणारी यंत्रे निवडक घरांत असतात. त्यावर कोणी नीट लिहिले असते तर हवे होते, मिळाले नाही.

२००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ वृत्तपत्रे-वाहिन्यांमधल्या ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी केली. त्यांत दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. हा आकडा अंकात ठळक छापावा असे मंडळाने एकमताने ठरवले. त्याच बैठकीत मी मंडळातले दलित मोजायला सांगितले. मला धरून दोन निघाले. ही संख्याही आकड्याच्या शेजारी छापावी, ही माझी सूचना दोन तास चर्चेत होती आणि शेवटी मान्य झाली, हे त्या मित्रांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

शिक्षकाचा लेख पहिल्या पानावर घेतला आहे. त्याची एकच विनंती होती: गावाचे नाव काढावे. त्याचा भाऊ अजून गावात आहे आणि भावाची जमीन त्या वाड्याच्या शेताला लागून आहे. नाव काढून अंक छपाईला दिला.