मोठा ठोका, लहान गळा

वऱ्हाडी गाण्याला वीज लागली ती काही आजकालची गोष्ट नाही. भजनी मंडळात पेटीशेजारी कॅसिओ येऊन बसला त्यालाही जमाना झाला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघतात, तेव्हा ढोलांच्या जोडीनं स्पीकरही गर्जत असतात आणि रिमिक्समधली मूळ चाल हुडकावी लागते. लोकगीत आणि इलेक्ट्रॉनिक्सचं लग्न आमच्याकडे कधीच लागलं. वरात तेवढी संपायचं नाव घेत नाही.

खरी अडचण ठोक्याची. हाऊस संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, आणि शेवटपर्यंत तसूभरही न हलणारे. मिरवणुकीला ते मानवतात, जात्यावरच्या ओवीला नाही. जातं जड गेलं की ओळ लांबते, दाण्याची मूठ टाकायला हात थांबला की गळाही थांबतो. साडेतीन चरणांतला शेवटचा तोकडा चरण तर चौकोनी मापात बसतच नाही. सॉफ्टवेअर त्याला ओढूनताणून रेघेवर आणतं, ऑटोट्यून दोन सुरांमधली ओढ पुसून टाकतं. मग शब्द उरतात, बाई उरत नाही.

म्हणून मला बेडरूम पॉप, म्हणजे घरच्या खोलीतच केलेल्या गाण्यांचा प्रकार, आपल्या जास्त जवळचा वाटतो. लॉस एंजेलिसमध्ये आईवडिलांच्या घरातल्या एका खोलीत बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांनी केलेला अल्बम जानेवारी २०२०मध्ये ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. त्यातला आवाज माइकला जवळजवळ चिकटलेला, कानात बोलल्यासारखा. गर्दीसाठी न गायलेल्या गाण्यांची वऱ्हाडात काय कमी? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी भुलाबाई-भुलोजी मांडतात, टिपऱ्या वाजवत घरोघरी गातात, डबा हलवून आतला खाऊ ओळखायला लावतात. सासरचा जाच, माहेरची ओढ, नवऱ्याची टिंगल, सगळं चारसहा सुरांत. टिपरीचा कोरडा आवाज, डब्याचा खुळखुळाट आणि मधेच फुटलेलं हसू, एवढा ऐवज एका मोबाइलवर टिपता येतो. त्यावर सिंथचा एखादा मंद सूर पुरे. आपले संगीतकार मात्र पहिल्या कडव्यातच बेस सोडतात.

मराठीत मातीतले शब्द आणि नवं संगीत यांच्या जोड्यांची परंपरा आहे. वऱ्हाडी कवी विठ्ठल वाघांची ‘तिफण’ ही कविता अनिल-अरुण यांच्या चालीवर ‘अरे संसार संसार’ चित्रपटातून महाराष्ट्रभर गेली, इतकी की अनेकांना ते लोकगीतच वाटतं. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांची ‘तांबडी चामडी’ स्पिनिन या डच कंपनीकडून निघाली. ते लोकगीत नव्हे, पण मराठी अक्षरांचाच तिथे ताशा झाला आणि ती करामत अस्सल आहे. स्वदेसी या हिपहॉप गटानं २०१९मध्ये प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’ मला त्याहून मोलाचं वाटतं, कारण भोईरांसारखा आरेच्या जंगलातला माणूस त्यात नमुन्यापुरता वापरलेला नाही. गाणं त्याच्या म्हणण्यावर उभं आहे. दोन्ही गाणी मात्र चौकातली. घरातलं गाणं अजून कुणी उचललं नाही.

ते उचलायचं कसं, हे इबेयी या फ्रेंच-क्युबन जुळ्या बहिणींकडून शिकावं. २०१५च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी योरुबा प्रार्थनागीतांभोवती काहोन, बाता ही तालवाद्यं आणि अगदी मोजकं इलेक्ट्रॉनिक काम ठेवलं. गळा पुढे, यंत्र मागे. आपल्याकडे सिरसोलीचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एकट्यानं वाजवतात; ड्रम मशीन विकत घेण्याआधी वऱ्हाडच्या पोरांनी ते दोन तास नुसते ऐकावेत. तुकडोजी महाराजांची खंजेरीसुद्धा शब्दाला वाट देणारी होती, त्याच्यावर चढणारी नव्हे.

आणखी एक गोष्ट पैशाची. लोकगीतावर केलेल्या गाण्याखाली गीतकार म्हणून बहुधा ‘पारंपरिक’ एवढंच लिहिलेलं असतं. ज्या बाईनं दर्यापूर किंवा अकोटच्या घरात ती चाल म्हणून दाखवली, तिचं नाव नाही आणि वाटाही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. तेही संगणक घरोघरी येण्याआधी सुरू झालेल्या कामात. आज गाणं अपलोड करताना नावाचा रकाना समोर उघडा असतो, आणि मानधनाचं बोलणं रेकॉर्डिंगच्या आधीच करता येतं.