लोयांगचे संघाराम आणि मातीकाम करणाऱ्यांची वस्ती

इ.स. ५४७ साली यांग शुआन-ची नावाचा एक सरकारी अधिकारी कामानिमित्त लोयांग शहरात आला. ५३४ सालापर्यंत हे शहर उत्तर वेई घराण्याची राजधानी होते. आता तट कोसळले होते, राजवाडे ढासळले होते, बौद्ध मंदिरांची राख झाली होती. त्या अवशेषांतून फिरल्यावर त्याने 'लोयांगच्या संघारामांची नोंद' हा ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथाच्या चिनी नावात मंदिरासाठी जो शब्द आहे, तो आपल्या 'संघाराम' या शब्दाचेच चिनी रूप होय. १९८१ आणि १९८४ साली त्याची इंग्रजी भाषांतरे निघाली. चिनी मंदिरांच्या वारशाची चर्चा निघाली की या ग्रंथाचा आधार घेतला जातो, आणि तोही बहुधा हरवलेल्या वैभवाचे शोकगीत म्हणून. असे वाचन मला मान्य नाही.

वैभव होते, यात शंका नाही. यांग सांगतो त्याप्रमाणे शहरात १,०९,००० हून अधिक कुटुंबे आणि १,३६७ मंदिरे होती. म्हणजे सुमारे ऐंशी घरांमागे एक मंदिर. राजमाता हू हिने ५१६ साली उभारलेल्या युंगनिंग मंदिराचा नऊ मजली लाकडी स्तूप कोसांवरून दिसे. वाऱ्याच्या रात्री त्याच्या सोनेरी घंटांचा नाद दूरवर जाई. पश्चिमेकडून आलेला बोधिधर्म तो पाहून दिवसचे दिवस हात जोडून नमन म्हणत राहिला, अशी नोंद आहे. ५३४ मध्ये स्तूपाला आग लागली तेव्हा तीन भिक्खूंनी ज्वाळांत उडी घेतली. ही पाने वाचताना मन हेलावते. १९७९ साली त्या जागी उत्खनन झाले, तेव्हा स्तूपाचे चौरस जोते आणि मातीच्या मूर्तींचे शेकडो तुकडे हाती आले.

पण लेखकाला भग्नता कशात दिसते? राजमार्गांवरून गुराखी फिरतात, राजवाड्याच्या दाराशी शेतकरी धान्य पेरतात, हे पाहून त्याचे काळीज तुटते. ज्याची ऊठबस त्या वाड्यांत होती त्याला उभे पीक म्हणजे विध्वंस वाटणारच. नांगर धरणाऱ्याला काय वाटले असेल? त्याला विचारायला ग्रंथकार थांबलेला नाही.

तरीही त्याची लेखणी प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तिच्यातून पुष्कळ काही निसटून बाहेर येते. शहराच्या ईशान्येला शांगशांग नावाची वस्ती होती. शेकडो वर्षांपूर्वी जिंकलेल्या शांग घराण्याची 'अडेल' प्रजा तिथे वसविली गेली होती. वेई सम्राटाने वस्तीला नवे, प्रतिष्ठित नाव दिले; काही दरबारी तिथे राहायलाही गेले. परंतु लोक टोमणे मारू लागले तसे ते एकेक करून निघून गेले. मागे उरले ते मातीकाम करणारे. राजधानीची मातीची भांडी तिथूनच येत. या वस्तीत राहणे लाजिरवाणे, अशा अर्थाचे गाणेही लोकांच्या तोंडी होते. नाव बदलल्याने वस्तीचा कलंक पुसला जात नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! याच वस्तीत एका सेनापतीचा वाडा होता. त्याच्या दासीच्या बोलण्यातला अनुप्रास ऐकून एका शब्दपंडिताने, सामान्य दासीही असे बोलते, म्हणून आश्चर्य व्यक्त केले. त्या चुनफंगने त्यालाच 'दास' म्हणून तशाच अनुप्रासात फटकारले. वैभवाच्या पानांपेक्षा मला ही दोन ओळींची हकीकत मोलाची वाटते.

दुसरी जागा याहून धारदार आहे. हुई-निंग नावाचा भिक्खू मरून सात दिवसांनी परत जिवंत झाला आणि त्याने यमाच्या दरबाराची हकीकत सांगितली. ध्यान करणारा आणि सूत्रपठण करणारा हे दोघे स्वर्गात गेले. ज्याने देणग्या जमवून सूत्रे लिहविली आणि सोन्याच्या मूर्ती घडविल्या, त्याला यमाने लोभी ठरविले. एक जण पूर्वी प्रांताधिकारी होता, त्याने मंदिर बांधून मग चीवर घेतले होते. त्याला यमाने सुनावले की कायदा वाकवून, रयतेला लुटून तू ते बांधलेस. त्यात तुझे श्रेय काही नाही. दोघांचीही रवानगी काळ्या दाराकडे झाली. हे ऐकून राजमातेने चौकशी करवली. सर्वांत मोठे मंदिर बांधणारीच चौकशी करणार! पुढे शंभर ध्यानी भिक्खूंना राजवाड्यात पोसण्याची व्यवस्था झाली, मूर्ती घेऊन रस्त्यावर पैसे मागण्यास बंदी झाली. लुटलेले धन रयतेला परत मिळाल्याची वार्ता मात्र नाही.

सातव्या शतकातील भिक्खू ताओ-शुआन याने यांगला धर्मविरोधकांत बसविले. मंदिरांवरील उधळपट्टी आणि सरदारांची चढाओढ यांत प्रजा नागवली जाते हे दाखविण्यासाठीच त्याने ग्रंथ लिहिला, असे त्याचे म्हणणे. ताओ-शुआनला जो दोष वाटला तेच मला या ग्रंथाचे बळ वाटते. पण हे बळ अपुरे आहे. मंदिरे कोणी झाडली, त्यांची शेते कोणी कसली, हे कळण्यासाठी ५५४ सालचा वेई घराण्याचा इतिहास उघडावा लागतो. युनगांगची लेणी ज्याच्या पुढाकाराने कोरली गेली, त्या तान-याओ या भिक्खूप्रमुखाच्या विनंतीवरून पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात 'बुद्ध-कुटुंबे' निर्माण झाली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी आणि सरकारी गुलाम यांना मंदिरे झाडण्यासाठी, सडा घालण्यासाठी आणि शेतीसाठी जुंपले गेले. धान्याचा भरणा करणारी 'संघ-कुटुंबे' वेगळी. ते धान्य दुष्काळात गरिबांना वाटायचे होते. हेतू करुणेचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ५११ साली दरबारात आलेल्या अर्जात अशा दोनशे कुटुंबांची स्थिती नोंदली आहे: जाचामुळे पोटची पोरे टाकलेली, पन्नासांहून अधिक माणसांनी गळफास घेऊन वा पाण्यात उडी घेऊन जीव दिलेला.

बुद्धाच्या नावाने माणसे जुंपली गेली, हे बौद्ध म्हणवून घेणाऱ्या आपण वाचायचे की झाकायचे? बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रास्ताविकातच, भिक्खू हा परिपूर्ण माणूस व्हावा की समाजसेवक, असा प्रश्न टाकला आहे. युनगांग २००१ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे; तिथल्या ५१,००० मूर्ती पाहण्यासारख्या आहेतच. आपल्या विद्यार्थ्यांनी हे दोन्ही चिनी ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, आणि सुरुवात ५११ सालच्या त्या अर्जापासून करावी.