चालणे कोणाचे, लिहिणे कोणाचे?

लेखकाने रोज चालावे म्हणजे प्रतिभा ताजी राहते, असे वारंवार सांगितले जाते. आधार थोरोचा असतो. दिवसाकाठी निदान चार तास भटकल्याशिवाय आपली प्रकृती ठीक राहत नाही, असे त्याने १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉकिंग’ या निबंधात म्हटले होते. बसलेल्या माणसापेक्षा चालणाऱ्याला नव्या कल्पना अधिक सुचतात, असे २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी प्रयोगांनी दाखविले. मला हे अमान्य नाही. माझा प्रश्न एवढाच, की हा चालणारा माणूस कोण आणि तो कोणाच्या हुकमाने चालतो आहे?

थोरोने आपली वाट स्वतः निवडली होती. आमच्या आज्या-पणज्यांचे चालणे वतनाचे होते. मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचे, सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) या कामांची यादीच दिली आहे. ही वतने १९५८ च्या कायद्याने गेली. नुसत्या चालण्याने प्रतिभा फुलत असती, तर येसकरांच्या घराघरात महाकवी जन्मले असते. पायाखाली वाट होती, पण हाताला अक्षर नव्हते आणि मधेच थांबण्याचा हक्कही नव्हता.

म्हणून हुकमाचे चालणे आणि ठरवून केलेले चालणे यांत फरक केला पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषदेतून चवदार तळ्याकडे निघालेली माणसे ठरवून चालली. गावोगाव फिरणारे आंबेडकरी जलसेकार ठरवून चालले. त्या चालण्यातून आपले शब्द आले.

उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ची (२००३) सुरुवात या दृष्टीने वाचावी. गावच्या बाया डोक्यावर लाकडाचे, गवताचे भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघतात. चढणीला दम लागला, की या आडवळणी जागी वस्ती करणाऱ्या पूर्वजाला नावे ठेवतात. हे चालणे पोटासाठीचे आहे, त्यात मोकळी हवा खाण्याची चैन नाही. तरी तेथे बाईला बोलायला जागा मिळते. त्या बोलण्याचे साहित्य व्हायला मात्र त्यांच्यातली एक मुलगी शिकावी लागली आणि मधे अनेक वर्षे जावी लागली. चालणे, शिक्षण आणि आठवण या तिन्हींचा मेळ बसला तेव्हा ‘आयदान’ लिहून झाले. ‘उपरा’तही (१९८०) गाढवावरचे बिऱ्हाड आणि शाळेची पाटी यांची ओढाताण आहे. तेथेही नुसत्या भटकंतीने पुस्तक दिलेले नाही.

आता माझ्याविषयी. प्राध्यापक झालो, कॉलनीत घर घेतले, स्कूटर घेतली आणि सहा-सात वर्षे एकही कथा लिहिली नाही. दोष संपादकांना दिला, समीक्षकांना दिला. मग स्कूटर बिघडली आणि काही महिने कॉलेजला पायी जावे लागले. वाट आमच्या जुन्या वस्तीवरून जात होती. नळाजवळ एका म्हातारीने हटकले, “मास्तर, बहात्तरच्या दुष्काळात तुझी आय अन् मी एकाच कामावर खडी फोडलीय. चार मैल जायाचं, चार मैल यायाचं. वाटंनं ती गाणी म्हणायची.”

आई गाणी म्हणत असे, हे मला ठाऊक नव्हते. ती तेव्हा हयात नव्हती. त्या रात्री मी पुन्हा लिहायला बसलो.

आज आपल्यातले बरेच लिहिणारे नोकरीत स्थिरावले आहेत. ते स्थैर्य बाबासाहेबांच्या चळवळीने मिळवून दिले आहे, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. वस्तीत फेरफटका मारून लेखनाचा माल गोळा करा, असेही मी सांगत नाही, तो पाहुणेपणा झाला. पण थांबण्याचा हक्क आता आपल्याला आहे. कोणी हाक मारली तर आपण थांबतो का, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. मी सहा-सात वर्षे थांबलो नव्हतो.